अनुभव धागा: कृष्णधवल पडद्यावरचे घर आणि पडद्यासमोरचे घर

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यातही दिसू लागले. शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट हा क्रम ज्यांच्या अंगवळणी पडला, त्यांच्यापैकी मी एक. आमच्या वाड्यात एकच संच होता. ज्यांच्याकडे तो होता त्या काकू साडेपाचलाच सतरंजी अंथरून ठेवत आणि आम्ही मुले पुढची जागा धरून बसत असू. त्या सतरंजीवर मी जे चित्रपट पाहिले, त्यांतले मनात खोल रुतून बसलेले बहुतेक सगळे कौटुंबिक होते. त्यांत संकट बाहेरून चालून येत नसे. ते घरातल्याच पंगतीत पानावर बसलेले असे, आणि म्हणूनच ते पाहताना मोठी माणसे एकमेकांकडे पाहणे टाळत, हे मला फार पुढे कळले.

आमच्या घरी एका चित्रपटावरून आईवडिलांचा कायमचा मतभेद होता. य. गो. जोशींच्या कथेवरचा 'वहिनींच्या बांगड्या' १९५३ साली आला, त्यात वहिनी होत्या सुलोचनाबाई. त्यावरूनच १९६१ साली 'भाभी की चूडियाँ' हा हिंदी चित्रपट झाला, त्यात मीनाकुमारी आणि बलराज साहनी होते. संगीत दोन्हींना सुधीर फडक्यांचेच. वडील हिंदीच्या बाजूचे, कारण 'ज्योति कलश छलके'. ते गाणे भूप रागातले की देशकार रागातले यावर त्यांचे मित्र तासन्‌तास बोलत. रेडिओवर गाणे लागले की आई हातातले काम थांबवून ते पूर्ण ऐके आणि मग स्वयंपाकघरातूनच म्हणे, "गाणं छान आहे, पण वहिनी आमचीच." आई स्वतः थोरली सून होती आणि धाकट्या दिराला तिने सहाव्या वर्षापासून वाढवले होते. ती कोणत्या वहिनीला 'आमची' म्हणत होती, हे मी तेव्हा विचारले नाही.

या धाग्यावर आपण असेच अनुभव लिहावेत. कथानक सर्वांना माहीत आहे असे धरून चालावे. कोणते दृश्य लक्षात राहिले, ते पाहताना शेजारी कोण होते आणि नंतर घरात काय बोलले गेले किंवा बोलले गेले नाही, एवढे सांगितले तरी पुष्कळ आहे.

लालबागच्या चाळीतून

आमच्याकडे गणेशोत्सवात गल्लीच्या मधोमध पांढरा पडदा बांधून सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवत. समोरची जागा लवकर भरत असल्यामुळे उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागे बसावे लागे. तिथून सगळे उलटे दिसते: पाट्यांवरची अक्षरे उलटी आणि साडीचा पदर उजव्या खांद्यावर. आमच्या शेजारच्या गुजराती बिऱ्हाडातल्या बायका उजव्या खांद्यावर पदर घेत, त्यामुळे चित्रपटातली सगळी माणसे गुजराती आहेत अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

हृषीकेश मुखर्जींचा 'मझली दीदी' मी असाच, मागच्या बाजूने पाहिला. तो १९६७ सालचा. आमच्या गल्लीत यायला त्याला काही वर्षे लागली. शरच्चंद्रांच्या कथेतला पोरका किशन सावत्र बहिणीच्या दारी येतो आणि तिथे त्याचा घास मोजला जातो. ही भूमिका आपल्या सचिन पिळगावकरांनी लहानपणी केली आहे. वडील गेल्यावर मी मामांकडे राहायला आलो होतो. मामांनी मला कधी उपाशी ठेवले नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. परंतु भात दुसऱ्यांदा वाढताना मामीचा हात माझ्या पानाजवळ येऊन क्षणभर थांबायचा. तो थांबणे इतके थोडे होते की कुणाला सांगितले असते तर मीच खोटा ठरलो असतो. त्या रात्री पडद्यावर किशन जेवायला बसला, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की हे आणखी कुणीतरी पाहिलेले आहे.

रीळ बदलण्यासाठी मध्ये दिवे लागले तेव्हा मी मागे वळून पाहिले. मामी चार ओळी मागे बसली होती आणि माझ्याकडेच पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखेच वाढले. हात थांबलाही असेल, पण मी त्याकडे पाहणे सोडून दिले. मामी आज ८७ वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते.

छोट्या भावाची मोठी बहीण, बेळगाव

माझा अनुभव लहानसा आहे. 'छोटी बहन' (१९५९) मधले राखीचे गाणे लागले की माझा भाऊ, वय कितीही असो, उठून अंगणात जायचा. त्याला रडताना कुणी पाहिलेले चालत नसे. आमच्याकडे महत्त्व भाऊबिजेचे. राखी आमच्या घरात आली ती या गाण्यामुळेच. त्यातली नंदा म्हणजे आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांची मुलगी, ही गोष्ट आजी दर वेळी सांगायची, जणू ती आमच्या नात्यातलीच होती. भाऊ गेल्याला चार वर्षे झाली. आता ते गाणे लागले की मी अंगणात जाते.

डॉक्टरांच्या घरातून, पुणे जिल्हा

'अनुराधा' हा चित्रपट १९६० सालचा. त्याला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते आणि संगीत पंडित रविशंकरांचे होते, हे मला नंतर वाचून कळले. आम्ही तो १९७९ च्या सुमारास दूरदर्शनवर पाहिला. दवाखाना खाली आणि घर वर, असे आमचे तालुक्याच्या गावातले बिऱ्हाड होते. लग्नाआधी मी आठ वर्षे गाणे शिकले होते. तानपुरा सासरी आला होता आणि कपाटावर आडवा पडून होता.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की त्यात गाणारी बायको आहे आणि खेड्यातल्या रुग्णांमध्ये बुडून गेलेला सज्जन डॉक्टर नवरा आहे. तो वाईट नाही, हेच या चित्रपटाचे मोठेपण. मारणारा, दारू पिणारा नवरा असता तर माझ्यासारखीला तो दुसऱ्या कुणाचा तरी चित्रपट वाटला असता. बलराज साहनी त्यात इतके प्रेमळ, इतके थकलेले आणि इतके आंधळे आहेत की त्यांच्यावर रागावताही येत नाही. लीला नायडू ताटावर ताट झाकून वाट पाहत बसते, तो एकटेपणा मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

चित्रपट निम्मा झाला असेल तोवर खालून हाक आली. विळ्याने हात कापलेला एक शेतकरी आला होता. हे उठून गेले आणि उरलेला चित्रपट मी एकटीने पाहिला. रात्री साडेदहाला जेवताना ह्यांनी विचारले, "मग ती राहिली का गेली?"

"राहिली," मी म्हटले.

"का?"

मला उत्तर देता आले नाही आणि ह्यांनीही पुन्हा विचारले नाही. पुढे हा चित्रपट मी तीनदा पाहिला आणि माझे मत असे झाले आहे की शेवट घाईत उरकला आहे. इतक्या वर्षांचे न पाहणे एका रात्रीत उमजते, हे मला पटत नाही. परंतु शेवटापर्यंतचा प्रत्येक क्षण मला पटतो. त्या आठवड्यात ह्यांनी पुण्याहून येताना तानपुऱ्याच्या तारा आणल्या होत्या. कोणत्या आणायच्या हे माहीत नसल्यामुळे त्यांनी दुकानदाराने दिल्या तेवढ्या सगळ्या आणल्या होत्या.

नागपूरहून

बिमल रॉय यांच्या 'सुजाता'बद्दल (१९५९) अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरात या चित्रपटावर जितके बोलणे झाले तितके दुसऱ्या कशावरही झालेले नाही.

अस्पृश्य मानलेल्या जातीतली पोरकी मुलगी वरच्या जातीच्या घरात वाढते. घरची आई चारू तिची ओळख करून देताना 'बेटी' म्हणत नाही, 'बेटी जैसी' म्हणते. सगळा चित्रपट त्या 'जैसी'वर उभा आहे. तो शब्द कानावर पडल्यावर सुजाता झालेल्या नूतनच्या चेहऱ्यावर जे होते, त्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत. मी शाळेत असताना एका मित्राच्या घरी जात असे. त्याची आई पाहुण्यांना सांगायची, "हा आमच्या घरच्यासारखाच आहे." ती माउली मनापासून बोलत होती, यात शंका नाही. तरीही 'सुजाता' पाहिल्यानंतर मला त्या वाक्यातला 'सारखा' ऐकू येऊ लागला आणि तो आजतागायत ऐकू येतो.

माझी आई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. चित्रपटाच्या शेवटी चारूला रक्त लागते, घरात फक्त सुजाताचा रक्तगट जुळतो आणि मग 'जैसी' गळून पडते. आमच्या बैठकीच्या खोलीत सगळे डोळे पुसत असताना आई मात्र रागावली होती. ती म्हणाली, "बाटलीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते, हे मी रोज पाहते. ते सिद्ध करायला त्या पोरीलाच का झोपवलं?" वडिलांचे म्हणणे असे की १९५९ साली हे पडद्यावर आणणे हेच धाडस होते आणि ज्यांना उद्देशून ते सांगितले होते, त्यांना याहून सोप्या भाषेत कळले नसते. दोघेही बरोबर होते असे मला वाटते, पण आईचा प्रश्न अधिक टिकाऊ आहे.

सोलापूरहून, वरच्या लेखनाला जोडून

'सुजाता'च्या त्याच घरात सुजाताला सख्खी बहीण मानणारी रमा आहे. ती भूमिका आमच्या सोलापूरच्या शशिकलाबाईंनी केली होती. तीनच वर्षांनी 'आरती'मध्ये (१९६२) त्यांनी घर पोखरणारी जाऊ उभी केली आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आमच्या आत्याला बाईंचा सोलापुरी जन्म आणि पडद्यावरचा तो स्वभाव यांचा मेळ कधीच घालता आला नाही. ती म्हणायची, "आपल्या गावची आहे, पण घरात घेणार नाही." नटीला यापेक्षा मोठी पावती कोणती द्यायची?

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते. चारू झालेल्या सुलोचनाबाई १९२८ च्या आणि नूतन १९३६ च्या, म्हणजे 'सुजाता'तल्या आई आणि मुलीत प्रत्यक्ष अंतर आठ वर्षांचे. तिशी ओलांडताच आपल्या नट्यांना आई केले जाई, हे अन्यायाचे होतेच. पण सुलोचनाबाईंनी त्या वयात प्रौढ बाईचा जो संकोच उभा केला आहे, तो पाहताना हे अंतर एकदाही जाणवत नाही. ललिता पवारांचेही तसेच. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांच्या डोळ्याला कायमची इजा झाली, आणि त्याच डोळ्याने पुढे त्यांनी कित्येक सुनांना धाक घातला. त्याच ललिताबाईंची 'अनाड़ी'तली (१९५९) मिसेस डिसा आठवून पाहा. भाडे मागताना आवाज चढवणारी आणि त्याच दमात जेवलास का विचारणारी ती घरमालकीण नात्याची कुणी नाही. तरीही मी त्या चित्रपटाला कौटुंबिकच म्हणेन.

जळगाव जिल्ह्यातला एक जुना ऑपरेटर

मी तालुक्याच्या थिएटरात १९ वर्षे ऑपरेटर होतो. आमच्याकडे हे चित्रपट शहरात फिरून, झिजून, दुसऱ्या-तिसऱ्यांदा येत. त्यामुळे मी जे दाखवले त्यावर ओरखड्यांचा पाऊस असे. दुपारच्या खेळाला बायका जास्त येत. केबिनच्या झरोक्यातून मला फक्त डोकी दिसत. मारामारीच्या चित्रपटात डोकी सारखी हलतात, विनोदी चित्रपटात शेजाऱ्याकडे वळतात. घरातल्या गोष्टीच्या चित्रपटात डोकी हलत नाहीत. चित्रपट चालणार की नाही हे मी त्यावरूनच सांगत असे आणि मालक पोस्टर कधी उतरवायचे ते मला विचारून ठरवत.

मी स्वतः मात्र ते पाहिले नाहीत, असेच म्हणावे लागेल. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटे चालते. तेवढ्यात प्रोजेक्टरचा प्रकाश देणाऱ्या कार्बनच्या कांड्यांमधले अंतर सांभाळायचे, दुसऱ्या मशीनवर पुढचे रीळ चढवायचे आणि मग पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर डोळे लावून उभे राहायचे. तिथे एक ठिपका चमकतो तेव्हा दुसरी मोटर सुरू करायची. सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर बदल करायचा. बहुधा रीळ संपते ते दृश्य रंगात आलेले असतानाच. त्या वेळी पडद्याच्या मधोमध काय चालले होते, हे मला कधीच पाहता आले नाही.

वर डॉक्टरांच्या घरातून आलेला अनुभव सुनेने मला वाचून दाखवला आणि त्याच रात्री तिने मोबाइलवर 'अनुराधा' लावला. मध्येच तिने विचारले, "बाबा, कोपऱ्यात हा डाग कसला आला?" मी तिला ठिपक्यांचे सगळे समजावून सांगितले आणि मग ते दृश्य थोडे मागे घ्यायला सांगितले. या वेळी मी कोपऱ्याकडे पाहिले नाही. मधोमध लीला नायडूंचा चेहरा होता.