कडा प्रसाद वाटायला बसायचंय, कपडे कसे घालू?

भुसावळचा_पोऱ्या: रविवारी मित्रासोबत गुरुद्वाऱ्यात जाणार आहे, तो म्हणे सेवेला तू पण ये, प्रसाद वाट. मी शीख नाही, आमच्याकडे सोवळं असतं तसं काही लागतं का? धोतर वगैरे?

सचखंड_प्रवासी: अरे धोतर बितर काही नाही भाऊ, साधा धुतलेला कुर्ता पायजमा चालतो. पण डोकं झाकलेलं पाहिजेच, रुमाल चापून बांध, टोपी नको. चपला बाहेर, हात पाय धुवून आत. आणि एकदा का ताटाला हात लावला की मग मोबाईल, केस, नाक कशालाच हात नाही, लागला तर परत धुवायचे, मी नांदेडला हे शिकलो बोलणी खाऊन.

रावेर_केळीवाली: बायांनी ओढणी किंवा पदर डोक्यावर. बनवणारे तर आंघोळ करून, गुरबाणी (शीख गुरूंची पदं) म्हणत करतात, कणीक, साखर, तूप सारख्याच मापाचं. आपल्या शिऱ्यासारखा दिसतो पण रवा नसतो, तूप हाताला ओघळतं बघा!! आधी अरदास म्हणजे प्रार्थना, मग प्रसादाला किरपाण (शिखांची छोटी तलवार) लावतात, तोवर वाटायला घाई करू नको.

भुसावळचा_पोऱ्या: आणि घेणाऱ्याची जात बित?

सचखंड_प्रवासी: काहीच नाही रे, सगळ्यांना सारखाच, ओळखीच्याला जास्त गोळा देऊ नको म्हणजे झालं 😄