लिलाव, लिलांव की पावणी?

म्हापशेकर: घरच्या जुन्या कागदांत एक पोर्तुगीज नोटीस सापडलीय, कोमुनिदादीची, म्हणजे गावकरीच्या सामायिक संस्थेची, शेतं दर तीन वर्षांनी बोलीवर द्यायचे ना, त्यातली. मराठीत करतोय. त्यात लेलांव (आपला लिलाव ज्यावरून आला तो पोर्तुगीज शब्द) नाहीच, 'आश्ता पुब्लिका' आहे. मी 'जाहीर लिलाव' लिहिलं तर बाबा म्हणाले, लिलाव काय, आमचं दिवाळं निघालं होतं काय, पावणी लिही (आपल्याकडे बोली लावून देण्याला म्हणतात ती). म्हटलं गोव्यातल्या छापील मराठीत काय चालायचं ते बघू, म्हणून पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत दोन दिवस बसलो, शिवाय स्कॅन केलेले जुने अंक घरी शोधून पाहिले. 'लिलाव' टाकलं की जुन्या वर्षांत काहीच येत नाही. हा शब्द आपल्याकडे उशिरा आला का?

कुळागर: टिंब दिलंत का? १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी नांव, गांव तसं लिलांव छापायचे. मोल्सवर्थच्या कोशातही टिंब आहे. आणि हे टिंब शोभेचं नाही हो, पोर्तुगीजातला 'लेलांव' नाकातूनच म्हणतात, त्याचीच खूण ती. पाव पण मूळचा पांवच. आसगावच्या दाल्गादांनी आशियाई भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली अख्खं पुस्तक काढलं, त्यांचं स्वतःचं नावसुद्धा सेबास्तियांव, शेवटी तोच आंव.

म्हापशेकर: टिंब देऊन बघितलं, आले की ढिगाने! पण गंमत अशी की मी चाळले त्यात लिलांव बहुतेक जप्तीच्या नाहीतर कोर्टाच्या जाहिरातीत, आणि पावणी दिसली ती देवळाच्या बातमीत. म्हणजे बाबांचं अगदीच चूक नाही.

अभिजात: मुळात पोर्तुगीज शब्द हवाय कशाला? चांगला 'हर्रास' आहे आपला. विदर्भात अजून म्हणतात.

कुळागर: हर्रास अरबी आहे, साहेब. आणि पोर्तुगीज कोशवाले लेलांवचं मूळही अरबीतच दाखवतात. कुठून पळालात नि कुठे पोचलात!

अभिजात: मग 'आश्ता' तरी आपला असेल, सरळ संस्कृत हस्त. हात वर करून बोली लावतात ना.

माशेलची सून: 😀 नाही हो, तो लॅटिन हास्ता, म्हणजे भाला. रोमन लोक भाला रोवून त्याखाली विक्री करायचे. पोर्तुगीज सरकारी कागदात तोच राहिला. हाताबिताचा काही संबंध नाही.

बाब मडगावकार: सगळं ठीक, पण पावणी हा कोंकणी शब्द आहे, तो मराठीत घुसडू नका.

माशेलची सून: घुसडायला कशाला हवा? माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, तिथे आजी पावणीच म्हणायची. देवापुढची केळी, फणस, नारळ, सगळ्याची पावणी. एकदा आजोबांनी एका नारळाला ईर्षेने बोली वाढवत नेली, समोर त्यांचाच चुलतभाऊ. शेवटी त्या पैशांत पोतंभर नारळ आले असते. घरी आणला तर नासका! आजी आठवडाभर बोलली नाही. आता हा प्रसंग 'लिलाव' म्हणून सांगितला तर त्यात देवच उरत नाही, नुसता व्यापार.

बाब मडगावकार: वेंगुर्ला गोव्याला लागूनच आहे, तो काय पुरावा नव्हे. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून कोंकणी-मराठीचा हा वाद इथे परत नको.

कुळागर: तुम्हीच काढलात की. माझा एक अंदाज, पुरावा मागू नका: ज्याची बोली शेवटची त्याला वस्तू 'पावली', म्हणून पावणी. देव पावतो तसंच.

अभिजात: किंवा पाव विकायची ती पावणी.

माशेलची सून: तुम्हाला आता कोणी पावणार नाही.

म्हापशेकर: नोटिशीत जमीन देवाची नाही, गावकरीची आहे, विकलीही जात नाही, तीन वर्षांसाठी कसायला मिळते. तिथे पावणी चालेल का एवढंच सांगा.

बाब मडगावकार: बाजाराच्या सोपोची, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घ्यायच्या कराचीही पावणीच म्हणतात, तिथे कुठे देव आहे?

कुळागर: वा, सोपो! हा शब्द कुठून आला कोणाला माहीत आहे का?