फ्रोडो हरतो, मग जिंकते कोण? टोल्कीन यांच्या कादंबरीतील दयेविषयी

वाटसरू: टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीत चर्च नाही, पुरोहित नाहीत, प्रार्थनाही जवळजवळ नाही, तरीही ही कलाकृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनीच डिसेंबर १९५३ मध्ये रॉबर्ट मरे या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातल्या) स्नेह्यांना कळवले होते. शेवटचा प्रसंग वाचताना मला ते पूर्णपणे पटते. दुष्ट सत्तेची जादुई अंगठी डोंगरातल्या आगीत टाकून नष्ट करायची वेळ येते तेव्हा ती तिथवर आणणारा नायक फ्रोडो ती टाकत नाही, माझी म्हणून बोटात घालतो. अंगठीच्या लोभाने मागे लागलेला गॉलम ते बोटच चावून तोडतो, हर्षाच्या भरात त्याचा तोल जातो आणि तो अंगठीसकट खाली कोसळतो. हा गॉलम तिथवर जिवंत पोहोचला, तो आधी बिल्बोने (अंगठी पूर्वी याच्याकडे होती) आणि मग फ्रोडोने त्याच्यावर दया केली म्हणून. माणसाचे बळ संपते तिथे ईश्वरी कृपा कार्य तडीस नेते, हा ख्रिस्ती विचार इथे देवाचे नावही न घेता आला आहे.

निखळ नास्तिक: कृपा आपण बाहेरून आणता आहात. त्याच डोंगराच्या उतारावर फ्रोडो गॉलमला बजावतो की पुन्हा मला हात लावलास तर तूच आगीत फेकला जाशील, आणि अक्षरशः तसेच घडते. याला आपल्याकडे शापवाणी म्हणतात. शिवाय दया कोणाच्या वाट्याला येते, तेही पाहावे. हेल्म्स डीप या किल्ल्याच्या लढाईनंतर शरण आलेल्या शत्रूपक्षाच्या डोंगरी माणसांकडून पडझड दुरुस्त करून घेऊन त्यांना सोडून देतात. त्याच पक्षाचे ऑर्क, म्हणजे राक्षसी जमातीचे सैनिक, मात्र रानात शिरतात ते परत येत नाहीत, आणि त्याची हळहळ कोणालाच वाटत नाही.

वाटसरू: सुरुवातीला काहीच दुष्ट नसते, अंगठी घडवणारा खलनायक सॉरॉनही नव्हता, असे कादंबरीतला ज्ञानी एल्रॉन्ड सांगतो. जन्मजात दुष्ट जमात ही कल्पना लेखकाच्या श्रद्धेलाच अडचणीची होती, म्हणूनच ऑर्कांच्या उत्पत्तीचा गुंता ते उतारवयातही सोडवत बसले होते. श्रद्धा नसती तर त्यांनी कशाला एवढा जीव आटवला असता?

मैत्रेयी: प्रार्थना नाही म्हणताना फारामिर या सेनानीचे सैनिक आठवावेत, जे जेवणाआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात. मला मात्र या पुस्तकाची नीती कृपेपेक्षा फ्रोडोचा सोबती सॅम याच्यात अधिक दिसते. शत्रूपक्षाचा एक दक्षिणी सैनिक त्याच्यासमोर मरून पडतो, तेव्हा याचे नाव काय असेल, हा खरोखर दुष्ट होता की खोट्या थापांना नाही तर धमक्यांना बळी पडून घरापासून इतक्या दूर आला, असे त्याच्या मनात येते. एवढे वाटायला कॅथलिक असावे लागत नाही.

निखळ नास्तिक: त्याच सॅमला पुढे शाग्रात आणि गॉरबॅग या दोन ऑर्कांचे बोलणे ऐकू येते. युद्ध संपले की वरिष्ठांच्या जाचापासून लांब, चार विश्वासू साथीदार घेऊन कुठेतरी बस्तान बसवावे, असे ते बोलत असतात. लेखकाने त्यांना इतके आपल्यासारखे बोलायला लावले, आणि दयेचा एक शब्दही त्यांच्या वाट्याला येऊ दिला नाही.