अनुभव धागा : घर वर्षाच्या कुठल्या दिवसांत घेतलंत?

आम्ही पुण्यात टू बीएचके बघतोय, बजेट ऐंशी लाखांच्या आसपास. सासूबाई म्हणतात बुकिंग पाडव्यालाच करायचं, नवऱ्याचा मित्र म्हणतो मार्च एंडला बिल्डर खाली येतो, आणि बहीण म्हणते दिवाळीच्या ऑफर सोडू नका. तर प्लीज प्रत्यक्ष अनुभव लिहा, कुठल्या महिन्यात बघितलं, पैसे कधी दिले, फायदा काय झाला. ऐकीव नको.

डोंबिवलीकर
बघायचं तर भर पावसात. जुलैच्या शेवटी, दोन-तीन दिवस झड लागलेली असताना. आम्हाला एक रिसेलचा फ्लॅट उन्हाळ्यात प्रचंड आवडला होता, मालकाने नुकताच रंग काढला होता, सगळं चकाचक. बाबा म्हणाले थांब, पाऊस पडू दे. जुलैत परत गेलो तर बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीच्या खाली रंगाला फुगे आलेले, हात लावला तर भिंत गार आणि ओली, कपाट जरा पुढे ओढलं तर मागे काळी बुरशी आणि पोपडे. तो सोडला. त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये मधल्या मजल्यावर घेतला, तोही पावसातच बघून. वॉचमनशी बोला, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरतं का, बेसमेंटचा पंप किती वेळ चालू असतो, हे तो सांगतो, एजंट नाही सांगणार.

सिंहगड रोड
वरच्यांना पूर्ण अनुमोदन. आणि पुण्यात बघताय म्हणून मुद्दाम लिहिते, नदीजवळचं काही असेल तर २५ जुलै २०२४ ला तिथे काय झालं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, माणसं बोटीने काढावी लागली. हेच घर जानेवारीत बघितलं तर नदीकाठची छान शांत जागा वाटते. निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा) कुठून जाते ते नकाशावर बघूनच पुढे जा.

पितृपक्षवाले
आमचा व्यवहार पितृपक्षात ठरला. विकणाऱ्यांची बदली झाली होती, दिवाळीच्या आत त्यांना मोकळं व्हायचं होतं, गणपतीपर्यंत त्यांना रोज फोन येत होते आणि पितृपक्ष लागला तसे एकदम बंद. आम्ही तेव्हाच गेलो, निवांत बसून बोललो, दोन्ही बाजूंना घाई नव्हती, भाव आमच्या आवाक्यात आला. आईला मात्र त्या पंधरा दिवसांत पैसे द्यायचे नव्हते आणि तिचं मन मोडून घर घ्यायचं नव्हतं. मग बोलणी, कागद बघणं, वकिलाकडून टायटल सर्च (मालकी स्वच्छ आहे का याचा शोध), बँकेची लोनची सॅन्क्शन म्हणजे मंजुरी हे सगळं पितृपक्षात केलं आणि सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला टोकन दिलं. विकणाऱ्या काकूंनाही तेच बरं वाटलं. श्रद्धा आणि पैसा दोन्ही सांभाळता येतं, तारखा नीट लावल्या की.

हिशोबी
सणाच्या ऑफरबद्दल. आमचं बुकिंग दसऱ्याचं, अंडर कन्स्ट्रक्शन. सोन्याचं नाणं, मॉड्युलर किचन, एसी असं पॅकेज होतं. आम्ही म्हटलं हे काही नको, तेवढे पैसे अॅग्रीमेंट व्हॅल्यूतून, म्हणजे करारातल्या किमतीतून, कमी करा. कारण अंडर कन्स्ट्रक्शनला ५ टक्के जीएसटी आणि पुण्यात साधारण ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, दोन्ही त्याच आकड्यावर लागतात. म्हणजे दोन लाख कमी झाले की वर आणखी चोवीस हजार वाचतात. फक्त स्टॅम्प ड्युटी रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या) खाली लागत नाही, दोन्हीत जे जास्त त्यावर लागते, ते आधी तपासा. तयार घर, कम्प्लिशन (पूर्णत्वाचा दाखला) मिळालेलं, असेल तर जीएसटीच नाही. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे. आणि "आज मुहूर्त आहे, वीस टक्के भरा" असं कोणी म्हणालं तरी रेरा कायद्याप्रमाणे अॅग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

वाघोली
मे महिन्यात बघा!! टँकर किती येतात ते गेटवर उभं राहून दिसतं. मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा वेगळा आकडा असतो, मागच्या मे महिन्याचं बिलच मागा.

नागपूरकर
मे, दुपारी तीन वाजता, वरचा मजला. दुसरं काही लिहायची गरज नाही.

ठाणे
आमचं सणावर नव्हतं, सरकारवर होतं. २०२० मध्ये १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केली होती, मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी. आम्ही लॉकडाऊनच्या आधीपासून शोधत होतो म्हणून घर ठरलेलंच होतं, ती संधी मिळाली. डिसेंबरच्या शेवटी रजिस्ट्रेशनला तुफान गर्दी. पण ड्युटी भरली की नोंदणीला चार महिने मिळतात, त्यामुळे ड्युटी डिसेंबरात भरली आणि नोंदणी फेब्रुवारीत शांतपणे केली. अशी सूट कधी येईल सांगता येत नाही, पण लोनची सॅन्क्शन आणि कागद तयार असतील तरच ती घेता येते.

न्यू जर्सी
आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत येतो तेव्हाच बघणं होतं, म्हणजे वर लिहिलंय तसं सगळ्यात फसव्या हवेत, ना ओल दिसते ना पाण्याची टंचाई. म्हणून जुलैत भावाला पाठवला, त्याने व्हिडिओ कॉलवर प्रत्येक भिंत, बाल्कनीचा कोपरा, टेरेस दाखवलं. सही करायला येणं जमणार नव्हतं, पॉवर ऑफ अॅटर्नी (आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून पाठवली. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, हे बाहेरच्यांनी लक्षात ठेवा.

धागाकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे पावसात बघायचं, मे महिन्याचं बिल मागायचं, बोलणी पितृपक्षात. मग ते १ एप्रिलच्या आधी करा म्हणतात ते काय?

हिशोबी
रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलपासून लागतात. दरवर्षी वाढतातच असं नाही, २०२३ आणि २०२४ ला तसेच ठेवले होते, २०२५ ला राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढले. तुमची अॅग्रीमेंट व्हॅल्यू रेकनरपेक्षा बरीच वर असेल तर फारसा फरक पडत नाही, त्यासाठी मार्चमध्ये धावपळ नका करू. तुमच्या एरियाचा दर नोंदणी विभागाच्या साइटवर बघा आणि इथे टाका, मी हिशोब करून देतो.