शेवटच्या काळातील छळ आणि आपला विश्वास : अनुभव धागा

सर्व बंधुभगिनींना सलाम.

बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभू येशूने जैतुनांच्या डोंगरावर शिष्यांना शेवटच्या काळाची लक्षणे सांगितली. त्यांत युद्धे, दुष्काळ आणि भूमिकंप यांच्या जोडीने दोन गोष्टी आहेत : त्याच्या नावामुळे आपला द्वेष होईल, आणि अधर्म वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंडावेल. पहिल्या गोष्टीची चर्चा आपल्या मंडळ्यांत पुष्कळ होते, दुसरीची फारशी होत नाही. मला तर दुसरीच अधिक भयंकर वाटते, म्हणून या धाग्यावर दोन्हींविषयी लिहावे अशी विनंती आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची जी ताटातूट झाली, तिची झळ दोन्ही घरांनी काही वर्षे सोसली; 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. आपल्यापैकी अनेकांच्या पणज्या-आज्यांच्या आठवणी याच जातीच्या आहेत. फक्त स्वतः भोगलेले किंवा जवळून पाहिलेले लिहावे. प्रभूच्या पुनरागमनाच्या तारखांची चर्चा येथे नको, कारण तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही हे प्रभूने त्याच अध्यायात सांगून ठेवले आहे.

निवृत्त शिक्षिका, श्रीरामपूर

आमच्या घराला कोणी आग लावली नाही की दगड मारला नाही. आमची परीक्षा अर्जातल्या एका रकान्यात झाली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या माणसाला मिळत नाहीत. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, आपल्याला मात्र नाहीत. ज्या वस्तीत माझे वडील वाढले तिथली गरिबी बाप्तिस्म्याने संपली नव्हती आणि गावाने पाणवठ्यावर दिलेली वागणूकही बदलली नव्हती. तरीही धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिले की शिष्यवृत्ती गेली, नोकरीतली राखीव जागा गेली.

माझ्या धाकट्या भावाचा अर्ज भरताना वडील कितीतरी वेळ दौतीत टाक बुडवून बसले होते. शेजारच्या काकांनी प्रेमाने सांगितले की देव मन पाहतो, कागद पाहत नाही. वडिलांनी शेवटी ‘ख्रिस्ती’ असेच लिहिले आणि भावाने पुढे साखर कारखान्यात हंगामी काम केले. ज्यांनी वेगळे लिहिले त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. लेकराच्या भुकेपुढे कोणाचा हात कसा चालला हे देवच जाणतो. पण त्या कुटुंबांची मुले हळूहळू उपासनेला येईनाशी झाली, कारण कागद आणि मन यांच्यात अंतर ठेवायला शिकलेल्या मुलाला पुढे ते मिटवणे जड जाते. प्रीती थंडावण्याची सुरुवात मी अशी पाहिली आहे. आम्हां भावंडांना तारले ते वडिलांच्या रोजच्या संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेने. दिवा लावल्यावर एक स्तोत्र पाठ म्हटल्याशिवाय आमच्या घरी ताट वाढले जात नसे.

धर्मभगिनी, वसई

23 ऑगस्ट 2008 रोजी ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांची हत्या झाली. जबाबदारी माओवाद्यांनी स्वीकारली, तरी सूड ख्रिस्ती वस्त्यांवर उगवला गेला. हजारो घरे जळाली, सुमारे पन्नास हजार माणसे बेघर झाली आणि कित्येक कुटुंबांनी भर पावसात रानात रात्री काढल्या. रुग्णसेवेचे शिक्षण असल्यामुळे मला तेथील मदत छावणीत पाठवण्यात आले.

छावणीत ताप, जुलाब आणि पायांच्या जखमा हेच काम असे. माणसे अनवाणी पळाली होती. तळव्यांत बांबूची कुसळे रुतून पिकलेली असत आणि ती चिमट्याने काढताना रुग्ण हूं की चूं करीत नसत. पाय पुढे करून बसलेल्या एका आजीने मला आपल्या गावाचा निरोप सांगितला. परत यायचे असेल तर धर्म सोडून या, नाहीतर येऊ नका, असा तो निरोप होता. तिची शेती, फणसाची झाडे आणि नवऱ्याची कबर त्या गावात होती. ती गेली नाही. तिला अक्षर येत नव्हते आणि घरातले पवित्र शास्त्र जळून गेले होते, परंतु प्रार्थनेत ऐकून ऐकून तिला वचने पाठ होती. रात्री तंबूतल्या पोरांना ती एकेक वचन सांगे आणि पोरे ते घोकत.

मला स्वतःला क्षमेची शिकवण त्या वेळी फार जड गेली, हे लिहिलेच पाहिजे. मध्य प्रदेशात 1995 मध्ये सिस्टर राणी मारिया यांचा खून झाला आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन खुन्याच्या हातावर राखी बांधली, हे मला ठाऊक होते. ते ऐकणे निराळे आणि कुसळे काढलेल्या हातांनी प्रार्थनेला जुळणे निराळे. मारणाऱ्यांसाठी त्या आजीच रोज प्रार्थना करीत, म्हणून मीही त्यांच्यामागून शब्द म्हणू लागले.

अभियंता, पूर्वी रियाध, आता पुणे

सौदी अरेबियात चर्च नाही आणि उघड उपासनेला परवानगी नाही. आम्ही काही मराठी, तेलुगू आणि मल्याळी कुटुंबे शुक्रवारी एका सदनिकेत जमत असू. चपला-बूट दाराबाहेर न ठेवता आत घ्यायचे, कारण बाहेरची रास पाहून शेजाऱ्यांच्या लक्षात येते. खिडक्या लावून टिळकांची भजने अगदी दबक्या आवाजात म्हणायची. प्रभुभोजनासाठी द्राक्षारस मिळत नसे, म्हणून मनुका उकळून गाळलेले पाणी वापरीत असू. पुण्यात परतल्यावर मंडळीचे दरवाजे सताड उघडे असतात आणि बाके रिकामी, हे पाहून जिवाला लागते. एकत्र येणे सोडू नका, आणि तो दिवस जवळ येताना दिसतो तितके अधिक या, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. रियाधच्या आमच्या गटात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे.

महाविद्यालयीन विद्यार्थी, अहिल्यानगर

करोनाच्या काळात लस म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकात सांगितलेली, देवाच्या शत्रूची ‘श्वापदाची खूण’ आहे, अशा चित्रफिती आमच्या तरुण संघात रोज फिरत होत्या. मला झोप लागत नसे, आणि खरे तर त्या भीतीत प्रभूविषयीचे प्रेम कुठेच नव्हते. आमच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) ते प्रकटीकरणाचे पुस्तक पहिल्या अध्यायापासून सावकाश शिकवायला घेतले. श्वापद येण्याआधी सात मंडळ्यांना पत्रे आहेत हे मला तेव्हा नीट कळले. त्यांपैकी स्मुर्णा म्हणजे आजचे तुर्कस्तानातील इझमीर. तेथील गरीब मंडळीला प्रभू संकट टळेल असे सांगत नाही, मरेपर्यंत विश्वासू राहा असे सांगतो. त्याच स्मुर्णाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प पुढे दुसऱ्या शतकात जाळले गेले. अमेरिकेत 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरून हजारो लोक प्रभूची वाट पाहत बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी किती जणांचा विश्वास कोलमडला, हेही पाळकांनी सांगितले. मी त्या चित्रफिती पाहणे बंद केले.

गृहिणी, नवापूर तालुका

थोडेच लिहिते. आमच्या पाड्यावर घरात चालणाऱ्या रविवारच्या प्रार्थनेवर आमिष दाखवून धर्मांतर केल्याची तक्रार झाली. मला प्रार्थनेत आजारातून बरे वाटले होते, एक पैसाही मिळाला नव्हता, आणि जबाबात मी तेच सांगितले. सध्या आम्ही दोन-तीन घरे मिळून शेतात बसतो. भाऊबंदांनी लग्नकार्यात बोलावणे बंद केले आहे, पण जाऊबाई रात्री भाकरी आणून देतात. आमच्या पाळकांना पुढच्या महिन्यात न्यायालयात जायचे आहे. त्यांच्यासाठी, त्यांच्या लहान मुलींसाठी आणि ज्यांनी तक्रार केली त्या घरासाठी सर्वांनी प्रार्थना करावी.