डायलिसिस निधीचं अडलंय, शनिवारच्या आत सांगा

वंदना (खजिनदार):
मंडळी, गणपतीत जमलेले पैसे अजून आपल्या खात्यातच पडून आहेत. बेळगावच्या किडनी रुग्ण संघटनेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायला लागणारी नोंदणी, नाही आणि आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे कायद्याने परदेशी स्रोत. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत द्यावेत, तर २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. शनिवारी बैठक आहे. संघटनेनं रुग्णांना डायलिसिसला आणायचं गाडीभाडं मागितलंय, तेव्हा डायलिसिसचं मशीन घेऊन द्यायचा विषय कृपया पुन्हा काढू नका.

अनिल:
काढतो, कारण मला पटलेलं नाही. मशीन डोळ्यांना दिसतं. पुढच्या वर्षी लोकांकडे मागायला तोंड राहतं. गाडीभाड्याचे पैसे कुठे गेले हे कुणाला कसं दाखवणार?

सुलभाआक्का, खानापूर:
अनिल, संघटनेनं मशीन मागितलंच नाही की. एका माणसाच्या चार तासांना १२० लिटरच्या आसपास द्रावण लागतंय, त्याला शुद्ध पाणी, वर टेक्निशियन. ते कोण बघणार?

आमच्या ह्यांचं सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. पाळी सकाळी सहाची, आणि जांबोटीकडनं पहिली बस तोवर पोचत नाही. जुलैत पावसानं गाडी मिळाली नाही, सोमवार चुकला. शुक्रवारनंतर थेट बुधवार. मंगळवारी रात्री ह्यांना आडवं होता येईना, छातीत पाणी भरलेलं. म्हणून भाडं मागायलेत.

संघटना काय करते ते पण ऐक. पहिल्या दिवशी ह्यांच्या शेजारी नऊ वर्षं डायलिसिसवर असलेले एक मामा येऊन बसले. हातावरच्या फिस्तुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, ह्यांचंच बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही थरथर रोज सकाळी बघायची. थांबली की त्याच घटकेला दवाखाना. ह्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही." डॉक्टरांनीही सांगितलं असणार, पण त्या दिवशी आमच्या कानात काही शिरत नव्हतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, तेव्हा कुठल्या कार्डावर कुठे काय मिळतंय हेही त्यांनीच बसून समजावलं. आणि भावजयीनं गोव्याहून करमळं, म्हणजे ते स्टारफ्रूट, आणली, ती खाऊ नका म्हणून फोन त्यांचाच.

प्रकाश, निपाणी:
आक्का, करमळाचं खरं काय? आमच्या परड्यात झाड आहे, आणि वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय.

सुलभाआक्का:
खरं आहे. किडनी धड असलेल्याला ते विष बाहेर टाकता येतंय, आजारी किडनीला नाही. आधी उचकी लागते, मग भ्रम, मग झटके. तात्यांना अजिबात देऊ नको. लो सोडियम मीठ आणलं असशील तर तेही काढ. त्यात पोटॅशियम असतंय, हृदयाला धोका.

मोहन:
रुग्णांसाठीच्या आहाराच्या पत्रकाचं काय झालं? पैसे मराठी मंडळाचे आहेत, पत्रक मराठीतच हवं. मागच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं.

सुलभाआक्का:
ह्यांच्या शेजारच्या खाटेवर गोकाकची अज्जी असते मोहनभावजी. ह्यांचा डबा उघडला की ती बघते, तिचा उघडला की मी. पत्रक एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड करा. खर्च पाठीमागच्या कोऱ्या कागदाचाच आहे.

वंदना:
पत्रकाचं नंतर. सीएला विचारलं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून, आपापल्या खात्यातून थेट पाठवलं तर ते परकीय योगदान धरत नाहीत. संघटनेनं पासपोर्टची प्रत ठेवावी. इकडचं नागरिकत्व घेतलेल्यांना हे चालत नाही, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. म्हणून मंडळानं ज्याचे त्याला पैसे परत करावेत. कुणीही दुसऱ्याच्या नावावर पाठवू नये, संघटना अडचणीत येईल.

अनिल:
म्हणजे माझे जाणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी पासपोर्ट बदलला. आईची शेवटची डायलिसिसं बेळगावच्या त्याच डायलिसिसच्या खोलीत झाली, वंदना. मशीन मशीन म्हणत होतो ते त्यासाठी.

वंदना:
माहीत नव्हतं रे. पण नियम तोच आहे.

अनिल:
डिसेंबरात तीन आठवडे गावी आहे. भावाची गाडी दारात उभीच असते. आक्का, सहाच्या पाळीला काकांना मी सोडेन. वाटेत आणखी कोण असतील तर नावं द्या.

सुलभाआक्का:
दोघं आहेत, एक कणकुंबीकडचा पोरगा. तो जांबोटीला येऊन थांबेल. पावणेपाचला ये. थंडी असते, काचा लावून घे, डायलिसिसच्या माणसाला लई गारठा लागतोय.