जीपीएस म्हणजे कालप्रवास नव्हे!

घटिकापात्र:
‘जीपीएसचे उपग्रह रोज भविष्यात जातात, म्हणजे कालप्रवास सिद्ध झाला, तेच तंत्र उलटं वापरलं की भूतकाळ.’ उलटा_बाण यांची कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही.

उपग्रह २०,२०० किमी उंचीवर, वेग सेकंदाला ३.९ किमी. वेगामुळे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातं. निव्वळ ३८ पुढे. पुढे पळणारं घड्याळ म्हणजे जास्त वय झालेलं घड्याळ! भविष्यात जातो तो कमी वय होणारा. तुमचं उदाहरणच उफराटं आहे. सुमारे ३,२०० किमी उंचीच्या खाली वेगाचा परिणाम भारी पडतो, म्हणून ८०३ दिवस अंतराळात राहिलेला रशियन अंतराळवीर क्रिकालेव्ह साधारण ०.०२ सेकंद ‘भविष्यात’ उतरला. वेग कितीही वाढवा, घड्याळ संथ होईल. उलटं फिरणार नाही. ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही तर तुमचं ठिकाण दिवसाला ११ किमी चुकेल. जीपीएसमधल्या आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा अर्थ एवढाच.

उलटा_बाण:
उदाहरण चुकलं, घ्या. पण १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सिझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगभर फिरवली. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली, म्हणजे तुमच्याच व्याख्येने भविष्यात उतरली. आणि मागे जायला सापेक्षतेच्या समीकरणांची मनाई कुठे आहे? गणितज्ञ ग्योडेलने १९४९ मध्येच फिरत्या विश्वाचं उत्तर काढलं, त्यात वाटा स्वतःच्याच भूतकाळात परततात.

अक्षांश:
तुमचं दोघांचं चालू द्या, पण ११ किमीचा आकडा चूक आहे. प्रकाशवेग गुणिले ३८ मायक्रोसेकंद एवढाच तो गुणाकार. रिसीव्हर (तुमच्या हातातलं जीपीएस यंत्र) चार उपग्रह घेऊन चार अज्ञातं सोडवतो: तीन स्थानाची, चौथं त्याच्या स्वतःच्या घड्याळाची चूक. सगळ्या उपग्रहांवर सारखी असलेली चूक त्या चौथ्यात जिरते. उरते ती चुकीच्या क्षणी धरलेली उपग्रहाची जागा, ३.९ किमी गुणिले ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे दिवसाला १५ सेंटिमीटर.

घटिकापात्र:
विषय काय, तुम्ही बोलताय काय! हा आकडा पाठ्यपुस्तकांत आहे. आणि चूक जिरत असेल तर उपग्रहावरच्या घड्याळाची वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी १०.२२९९९९९९५४३ वर लावून उपग्रह कशाला सोडतात?

अक्षांश:
पुस्तकात छापलं म्हणून गुणाकाराचा अर्थ बदलत नाही. दुरुस्ती लागते ती वेळेसाठी. मोबाइल टॉवरना १.५ मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली वेळ हवी, तिथे एका तासात बोंब होईल. स्थानाला खरा धोका वेगळाच आहे. कक्षा थोडी लंबवर्तुळाकार असते. विकेंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती हटली त्याचं माप) ०.०२ असेल तर घड्याळ ४६ नॅनोसेकंदांपर्यंत पुढेमागे होतं, म्हणजे १४ मीटर. ही चूक प्रत्येक उपग्रहाची वेगळी, म्हणून जिरत नाही; ती रिसीव्हरलाच काढावी लागते. स्वतः रिसीव्हरचा कोड लिहिणारे हमखास इथेच अडकतात.

उलटा_बाण:
झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ. वर्महोल म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा. त्याचं एक तोंड घरी ठेवा, दुसरं ०.९९ प्रकाशवेगाने फिरवून १० वर्षांनी परत आणा. त्याचं वय १.४ वर्षं. आतून दोन्ही तोंडांची वेळ एकच राहते. आता त्यातून शिरा, घरच्या तोंडातून ८.६ वर्षं आधी बाहेर. हे मॉरिस, थॉर्न आणि युर्त्सेव्हर यांनी १९८८ मध्ये मांडलं. ‘मागे जाऊन आजोबांचा खून केला तर तुम्ही जन्माल कसे’ याचा बाऊही नको. आपल्याच जुन्या रूपाला धडकणाऱ्या बिलियर्डच्या चेंडूची गणितं सोडवली, तेव्हा निसटता धक्का बसून सगळं सुसंगत राहणारी उत्तरं निघाली.

घटिकापात्र:
आणि ते तोंड उघडं कसं ठेवणार? १ मीटर त्रिज्येच्या गळ्याला सुमारे ५ गुणिले १०च्या ४२व्या घाताएवढे पास्कल ताण लागतो, तोही ऋण ऊर्जेच्या पदार्थात. प्रयोगशाळेत तसलं काही जवळपास आहे ते कॅसिमिर परिणामात, म्हणजे निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात त्यात. १ मायक्रॉन अंतरावरच्या दोन पट्ट्यांत दाब निघतो १.३ मिलिपास्कल! शिवाय यंत्र बनण्याआधीच्या काळात त्यातून जाता येतच नाही. कसला आलाय भूतकाळ?

उलटा_बाण:
पदार्थ नाही हे मान्य. पण ‘नाही’ आणि ‘अशक्य’ यांत फरक आहे. हॉकिंगचं १९९२ चं कालक्रम-संरक्षण, म्हणजे निसर्ग भूतकाळात जाऊच देत नाही हे म्हणणं, तेही अनुमानच आहे, सिद्धता नाही.

घटिकापात्र:
अनुमान आहे, एवढं कबूल. त्यावरून ‘सिद्ध झालं’ म्हणू नका, माझी तक्रार पहिल्यापासून तीच आहे.

अक्षांश:
मग तुम्हीही ते ११ किमी काढा.

घटिकापात्र:
काढतो. ‘अंतराच्या मोजणीत ११ किमी, स्थानात नव्हे’ असं लिहितो. पण १५ सेंटिमीटरचा हिशेब आधी स्वतः करून बघेन.